गप्प बसलेली पहिली ओळ

हितेंद्र तावडे हळू आवाजात बोलायला लागला, तेव्हाच मी ओळखलं की हा माझ्याकडचं काम काढून घ्यायला आलाय.

हितेंद्र म्हणजे काळाचौकीच्या आमच्या मंडळाचा अध्यक्ष. माणूस वाईट नाही. मंडपाच्या या टोकाला उभा राहून त्या टोकाच्या माणसाला शिव्या घालणारा, आणि त्याने ऐकलं नाही तर आणखी मोठ्याने घालणारा. तो त्या दिवशी माझ्या वर्कशॉपमध्ये स्टुलावर बसून, ताई तब्येत कशी आहे, ताई औषधं चालू आहेत ना, असं हॉस्पिटलात भेटायला आल्यासारखं विचारत होता. मी आजारी नव्हते. माझे डोळे गेले होते, बाकी मी ठणठणीत होते.

मी अनुजा साटम. गणपतीत मंडळांचे हलते देखावे असतात ना, कुठे राक्षस मान डोलावतो, कुठे देवीचा हात वर जातो, त्या मोटरींचा मेंदू मी बनवते. मेंदू म्हणजे तळहाताएवढा सर्किट बोर्ड. कुठली मोटर कधी सुरू करायची, कुठली कधी थांबवायची, हे प्रोग्राममध्ये लिहायचं आणि तो प्रोग्राम बोर्डात चढवायचा. उरलेलं वर्षभर मी सोसायट्यांच्या पाण्याच्या पंपांची पॅनेलं करते, घर त्यावर चालतं. पण माझी ओळख देखाव्यांची. लालबागपासून माहीमपर्यंत कोणी विचारलं की हा देखावा कोणी हलवला, तर साटमांच्या अनुजाने, हे उत्तर ठरलेलं.

डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार आमच्या घराण्यात आहे. आजोबांना होता, मला आला. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही गेलं. गेल्या गणपतीत भिंग लावून, स्क्रीनला नाक टेकवून मी कसंबसं निभावलं. यंदा खिडकी कुठल्या बाजूला आहे आणि ट्यूब पेटलीय की नाही, एवढंच कळतं. हे सांगताना मला रडू येत नाही. रडायचं तेवढं रडून झालंय.

तर हितेंद्र. यंदा देखावा समुद्रमंथनाचा ठरला होता. एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला असुर, मध्ये मंदार पर्वत आणि त्याला गुंडाळलेला वासुकी. एकाने ओढायचं तेव्हा दुसऱ्याने सैल सोडायचं, नाहीतर वासुकीचे दोन तुकडे. हितेंद्रने असेच देखावे करणाऱ्या भांडुपच्या एका पार्टीशी बोलणी लावली होती. तो म्हणाला, "ताई, तू बनवशील त्याची मला शंका नाही. पण दहा दिवसांत मध्येच काही बिनसलं, आत चूक निघाली, तर ती काढणार कोण? तू तुझ्या मैत्रिणीला, पर्लला बोलावणार, ती ऑफिस सोडून येणार. तोवर रांगेतल्या लोकांना मी काय दाखवू?"

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो, तो जिभेवर उतरला. मी म्हटलं, भांडुपची पार्टी तरी काय करणार आहे, फोनवरून सांगणार, हे बटण दाब, ते बटण दाब. उंटावरून शेळ्या हाकणार. हितेंद्र त्यावर भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो फक्त म्हणाला, हो ताई, तेही आहेच.

खरं सांगायचं तर त्याचा प्रश्न बरोबर होता, म्हणूनच तो झोंबला. प्रोग्राम लिहिणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे चुका काढणं. पहिल्या फटक्यात चालणारा प्रोग्राम मी अजून जन्मात बघितला नाही, माझाही नाही. आणि लिहायला मला जमत होतं, बोटांना कीबोर्ड पाठ आहे. चूक कुठे आहे, हे मात्र मला कोणीतरी वाचून दाखवावं लागत होतं.

हे काम गेलं असतं तर एकच मंडळ गेलं नसतं. काळाचौकीला सकाळी कोणी शिंकलं तर परळला दुपारी रुमाल काढतात. साटमांची अनुजा फार छान करायची हो, असं लोक म्हणायला लागले असते. त्या 'करायची'ची मला धडकी भरली होती. चाळिशीच्या बाईने स्वतःबद्दल 'करायची' ऐकायचं?

मी हितेंद्रला म्हटलं, मंडपाचे बांबू उभे राहीपर्यंत थांब. मग तिथे ये, माझा प्रोग्राम तुझ्या हाताने बिघडव, तुला हवा तिथे. मी एकटीने दुरुस्त केला नाही तर खुशाल भांडुपला जा, मी स्वतः त्यांना मोटरींचं वायरिंग समजावून देईन. हातच्या काकणाला आरसा कशाला. तो हो म्हणाला. तेही हळू आवाजात.

आता वांधा नेमका काय होता ते सांगते. स्क्रीनवर असेल ते वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर माझ्या लॅपटॉपवर आहे. ईमेल, बँक, विजेचं बिल, सगळं मी त्याच्या जिवावर करते. पण ज्या सॉफ्टवेअरमध्ये मी बोर्डाचे प्रोग्राम लिहिते, तिथे त्याची बोलती बंद. त्या सॉफ्टवेअरमध्येच लिहायचं, तिथेच तपासायचं, तिथूनच बोर्डात चढवायचं, सगळा कारभार एकहाती. आणि त्याच्या लिहायच्या खिडकीत काय आहे, हे बाहेर कोणाला सांगायचं नाही, असा त्याचा खाक्या. मी वाट्टेल ते टाइप करावं आणि वाचणाऱ्या आवाजाने म्हणावं, ब्लँक.

पर्ल डिमेलो ही माझी जुनी मैत्रीण. लिफ्टची पॅनेलं बनवणाऱ्या कंपनीत आम्ही शेजारी शेजारी बसायचो. ती माहीमची, ईस्ट इंडियन म्हणजे मुंबईची मूळची ख्रिस्ती, आता एका बँकेत सॉफ्टवेअरच्या कामात मोठ्या खुर्चीवर आहे, पण माझ्याकडे आली की जमिनीवरच बसते. रविवारी चर्चमधली मिसा आटोपून ती फुगियांचा, त्यांच्याकडच्या तळलेल्या गोल पावांचा, डबा घेऊन आली. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, तुझ्या त्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये एक चौकोन आहे, बाहेरचा एडिटर वापरा म्हणून, तो तू कधी वापरलास का?

तो चौकोन मी वर्षानुवर्षं बघितला होता. कोणाला लागतो हा, असं वाटून सोडून दिला होता. आता मला लागत होता आणि मला तो दिसत नव्हता. पर्लने टिक केली.

टिक केल्याबरोबर आतली लिहायची खिडकी कुलूपबंद झाली. आता लिहायचं ते बाहेरच्या साध्या एडिटरमध्ये, म्हणजे नुसतं लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये. तो माझ्याशी घडाघडा बोलतो. तिथे सेव्ह केलं की आतलं सॉफ्टवेअर तीच फाइल उचलून तपासणार. मी प्रोग्राम लिहिला, ओळ न् ओळ ऐकली, अगदी माझ्या जुन्या वेगाने. वाटलं, जिंकले. मग तपासायला दिला, तर चुका उमटल्या पुन्हा आतल्याच सॉफ्टवेअरच्या तळाशी, लाल अक्षरांत. आणि तिथे पुन्हा ब्लँक.

पर्लला दिसत होतं. ती सहज वाचायला लागली, अमुक ओळीत सेमीकोलन राहिलाय. माझं डोकं फिरलं.

"वाचून दाखवू नकोस," मी म्हटलं. "तू वाचून दाखवलंस की तो प्रोग्राम तुझा होतो."

पर्लने डब्याचं झाकण लावल्याचा आवाज आला. "अनू, ओरडू नको," ती म्हणाली. "चहा टाक आणि तुला काय पाहिजे ते नीट सांग. मी करते."

मी चहा टाकला आणि नीट सांगितलं. एडिटरमधून बाहेर पडायचंच नाही. तिथेच एक बटण दाबलं की तपासणी व्हावी. चुका एडिटरमध्येच याव्यात. दुसरं बटण दाबलं की कर्सर थेट चुकीच्या ओळीवर जाऊन उभा राहावा आणि ती ओळ मला ऐकू यावी. तिसऱ्या बटणाने प्रोग्राम बोर्डात चढावा. शाळेत बाई वहीत चुकीच्या उत्तराला लाल गोल करायच्या, तसा गोल मला कानात हवा होता. पर्ल म्हणाली, म्हणजे दोघांची सोयरीक जुळवायची. मी म्हटलं, सोयरीक झालीय, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत एवढंच.

जोडणी तिने लिहिली, मी सुचवत गेले, दोघी खटपट करत गेलो. पहिल्यांदा बटण दाबलं तर एडिटर म्हणाला, अशी फाइल नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. पर्ल इंग्रजीत शिव्या द्यायला लागली. मी म्हटलं, थांब, तो नक्की कुठली फाइल नाही म्हणतोय ते ऐकू दे. ऐकलं, तर तो 'गणपती'पाशीच अडकत होता. माझ्या फोल्डरचं इंग्रजी अक्षरांतलं नाव 'गणपती काम', मध्ये मोकळी जागा. जागा आली की त्या शहाण्याला वाटायचं नाव संपलं. नावाच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं लावली आणि पुन्हा बटण दाबलं.

कर्सर गेला. आवाज म्हणाला, सेमीकोलन अपेक्षित होता, आणि पाठोपाठ ती ओळ वाचली. आता ही गंमत बघा. ओळ संपली की सेमीकोलन लागतो. तो विसरलेला असतो आदल्या ओळीत आणि मशीन बोंब मारतं पुढच्या ओळीवर. चोर सोडून संन्याशाला फाशी. हे मला डोळे होते तेव्हा माहीत होतं, तसं आताही माहीत होतं. मी एक ओळ वर गेले, सेमीकोलन टाकला, सेव्ह केलं, तपासायला दिलं. आवाज म्हणाला, डन.

मी पर्लच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले. रडून झालंय म्हटलं होतं ना, ते खोटं होतं.

मग मी लागले कामाला. देवांच्या मोटरी, असुरांच्या मोटरी, पर्वताची फिरकी, वर येणारी चौदा रत्नं, सगळं मी लिहिलं. चुका पोत्याने केल्या आणि सगळ्या मीच काढल्या. पर्लला त्यातली एकही सांगितली नाही. ती फोन करून विचारायची, काही अडलं का, आणि मी म्हणायचे, तू तुझी बँक सांभाळ.

मंडपाचे बांबू उभे राहिले, वर ताडपत्री चढली. हिंदमाताच्या कापडबाजारातून आणलेलं हिरवं चमचमतं कापड वासुकीला नेसवून झालं. आणि एका दुपारी हितेंद्रने मला बोलावलं. पर्लने अर्धी रजा टाकली होती. बाकी तिथे होते रघुनाना. ते आमच्या मंडळाचे सगळ्यात जुने कार्यकर्ते, ऐंशी पार केलेले, अजून रोज मंडपात येऊन खुर्ची टाकून बसतात.

मला कोणी कानात सांगतंय असा आळ नको, म्हणून मी लॅपटॉपचा आवाज मंडपाच्या स्पीकरला लावला. मी तो फार वेगात ऐकते, सवयीने. रघुनाना म्हणाले, ह्यो कोण भट, एवढ्या घाईत मंतर म्हणता? मी म्हटलं, नाना, याला दक्षिणा नाही लागत.

ठरलं असं की हितेंद्रने प्रोग्राममध्ये एक काहीतरी बिघडवायचं. पर्लने त्याला फाइल उघडून दिली, सेव्ह कसं करायचं ते दाखवलं, आणि आम्ही दोघी नाक्यावर चहाला गेलो. चहा मला गोड लागला. पर्ल जास्त घाबरली होती. मी तिला म्हटलं, अगं परीक्षा माझी आहे, तुझ्या घशाला का कोरड?

परत आलो, मी खुर्चीवर बसले, तपासणीचं बटण दाबलं. स्पीकरमधून एरर, एरर, एरर असा पाऊसच पडला. एका चुकीला एवढ्या बोंबा? दुसरं बटण दाबलं. कर्सर पहिल्या ओळीवर गेला. आणि आवाज गप्प.

पहिल्या ओळीत माझी मोटरींची लायब्ररी, म्हणजे तयार सूचनांचा संच, जोडणारी ओळ असते. ती तिथे नव्हती. खालचा बाण दाबला तर ती दुसऱ्या ओळीत ऐकू आली. म्हणजे वर एक ओळ वाढली होती. पण रिकामी ओळ असेल तर माझा आवाज ब्लँक म्हणतो. इथे तो ब्लँकसुद्धा म्हणत नव्हता. असं मी कधी ऐकलं नव्हतं. म्हटलं, हे नंतर बघू.

पुढच्या चुकीवर गेले. मशीन फाइलच्या तळाशी जाऊन सांगत होतं की एक कंस बंद व्हायचा राहिलाय. तळाशी सांगतंय म्हणजे राहिलाय वर कुठेतरी. मी एकेक भाग ऐकत वर चढले. असुर ठीक. पर्वत ठीक. देवांचा भाग सुरू होत होता, संपत नव्हता. कंस टाकला.

"देवांच्या भागातला शेवटचा कंस," मी म्हटलं.

"बरोबर," हितेंद्र म्हणाला. "तोच उडवला होता मी." आणि तो खरोखर खूश झालेला ऐकू आला. रघुनानांनी टाळी वाजवली. पर्लने सुस्कारा सोडला. मी ऐटीत तपासणीचं बटण दाबलं.

एरर, एरर, एरर. कर्सर पहिल्या ओळीवर. आवाज गप्प.

हितेंद्र म्हणाला, त्याने एकच चूक केली होती, गणपतीची शपथ. देवाच्या मंडपात बसून तो खोटी शपथ घेणार नाही, हे मला माहीत होतं. मी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. ताडपत्रीखाली उकडत होतं आणि माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. मग हितेंद्रने तो हळू आवाज काढला.

"जाऊ दे ताई. एक तरी काढलीस ना."

तेवढ्यात मागे खुर्ची सरकली. पर्ल उठली होती. दोन पावलं पुढे येऊन स्क्रीनवर नजर टाकली असती तर तिला एका क्षणात कळलं असतं, आणि माझं काम त्याच क्षणी भांडुपला गेलं असतं.

"पर्ल, बस खाली," मी म्हटलं. ती बसली.

मी हात कीबोर्डवरून काढले, मांडीवर पुसले, परत ठेवले. पहिल्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन उजवा बाण दाबत गेले. एक, काही नाही. आणखी एक, काही नाही. असे काही मुके दणके बसले आणि मग दुसरी ओळ सुरू झाली. म्हणजे ओळ रिकामी नव्हती. तिथे अक्षरं होती, माझ्या आवाजाला ती उच्चारता येत नव्हती. मग मी आवाजाचा वेग उतरवला आणि इतका वेळ एरर एरर म्हणून सोडून दिलेली ती चूक पहिल्यांदा नीट ऐकली. मशीन म्हणत होतं, प्रोग्राममध्ये भलतंच काहीतरी आलंय, तीनशे चाळीस.

तीनशे चाळीस. लिफ्टच्या कंपनीत असताना आम्हाला कोणीतरी सांगितलं होतं, लिफ्टच्या डिस्प्लेवर मराठीत तळमजला असं दिसलं पाहिजे. आम्ही तो शब्द प्रोग्राममध्ये नको तिथे चिकटवला होता आणि याच आकड्याची अशीच बरसात झाली होती. देवनागरी अक्षर चुकीच्या जागी आलं की मशीनच्या पोटात हाच आकडा उठतो. आणि माझा वाचणारा आवाज इंग्रजी. मीच तसा ठेवलाय, प्रोग्राम इंग्रजीत असतात म्हणून. देवनागरी समोर आली की तो तोंड मिटून पुढे जातो.

म्हणजे माझ्या प्रोग्रामच्या डोक्यावर कोणीतरी मराठीत काहीतरी लिहिलं होतं. आता काळाचौकीच्या मंडळात, नव्या कामाच्या अगदी वरच्या ओळीत, माणूस दुसरं काय लिहिणार? पावतीपुस्तकाच्या पहिल्या पानावर तेच. निमंत्रणपत्रिकेवर तेच. रोवायच्या पहिल्या बांबूला कुंकवाने तेच. आम्ही सगळ्यांनी गणिताच्या पेपरवरही तेच लिहिलंय, नापास होणाऱ्यांनी जरा मोठ्या अक्षरात.

"नाना," मी म्हटलं, "श्री लिहायला तुम्ही सांगितलंत?"

"मीच सांगितलंय," रघुनाना म्हणाले. "हितेंद्रान लिवल्यान. नव्या कामाक आधी श्री नको?"

हितेंद्र म्हणाला, हो, कीबोर्ड घटकाभर मराठीवर नेऊन लिहिलं, पण ती काय चूक आहे? तुझं चांगलं व्हावं म्हणूनच लिहिलं. तो मनापासून विचारत होता. त्याने शपथही खरीच घेतली होती. श्री लिहिणं ही चूक असू शकते, हे त्याच्या काय, मंडळातल्या डोळे असलेल्या कोणाच्याही डोक्यात आलं नसतं. स्क्रीनकडे बघून त्यांना ते दिसलंच असतं, आणि दिसूनही त्यांनी ते सोडून दिलं असतं.

देवाचं नाव पुसायची माझी इच्छा नव्हती. पुसायची गरजही नव्हती. ओळीच्या सुरुवातीला दोन तिरक्या रेघा टाकल्या की मशीनला कळतं, हे माणसांनी माणसांसाठी लिहिलंय, आपण पुढे जायचं. मी रेघा टाकल्या, सेव्ह केलं, बटण दाबलं.

डन.

तिसरं बटण दाबून प्रोग्राम बोर्डात चढवला. आधी बोर्डावरचे रिले, म्हणजे मोटरींचे स्विच, खटकले, मग देवांच्या मोटरी घुमल्या, वासुकीचं कापड सळसळत माझ्या उजवीकडे गेलं. तिकडे थांबलं. मग असुरांच्या मोटरी, आणि कापड सळसळत डावीकडे. उजवीकडे, डावीकडे. एकदाही दोघं एकमेकांच्या अंगावर आले नाहीत. रघुनाना मोरया म्हणाले. पर्ल रडत होती, तिला सर्दी झाल्याचं ती सांगत होती. आणि माझी छाती अशी फुगली होती की खोटी विनम्रता दाखवायचं मला सुचलंसुद्धा नाही. मी म्हटलं, बघितलंस हितेंद्र? तो म्हणाला, बघितलं ताई, भांडुपला नाही म्हणून कळवतो.

तरी मला ठाऊक होतं, ही परीक्षा होती. परीक्षेत सगळे तुमच्या बाजूने असतात, थांबतात, टाळ्या वाजवतात. खरं काय ते गणपती बसल्यावर कळणार होतं.

आणि कळलं. गौरी-गणपती जाऊन गर्दीला ऊत आला होता. भर दुपारी हितेंद्रचा फोन. ताई, असुर थांबलेत, देव एकटेच ओढतायत, रांग पार रस्त्यावर गेलीय, लवकर ये. हे सगळं तो एका दमात ओरडला आणि मी हो म्हणायच्या आत फोन ठेवला. वर्कशॉप गल्लीच्या पलीकडे. मी काठी घेतली, लॅपटॉप घेतला आणि निघाले. एका कार्यकर्त्याने माझा दंड धरून मला मागच्या बाजूने आत सोडलं.

असुरांच्या मोटरीला हात लावला तर चटका बसला. तापून ती मंद झाली होती. ठरलेल्या वेळात पोचत नव्हती, म्हणून वासुकी तुटू नये यासाठी मीच लिहिलेली सुरक्षा तिला मध्येच थांबवत होती. तिला थोडा जास्त वेळ द्यायचा, एवढंच काम. मी मांडीवर लॅपटॉप घेतला, आकडा बदलला, आणि घाईत त्या ओळीचा सेमीकोलन खाल्ला. बटण दाबलं. एरर. कर्सर संन्याशावर. एक ओळ वर, सेमीकोलन, सेव्ह, डन. हितेंद्र माझ्या डोक्यावर उभा राहून सारखा विचारत होता, किती वेळ, अजून किती वेळ, लोक शिव्या देतायत. प्रोग्राम चढला. असुर हलले. पडद्यापलीकडून लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं देखावा आत्ताच सुरू झाला.

हितेंद्रने थँक्यू म्हटलं नाही. तो म्हणाला, "भर गर्दीत बंद पडते म्हणजे काय? टेस्टिंग करतेस की नाही तू?"

मी म्हटलं, मोटरीमागे पंखा ठेवायला सांगितला होता, तो कुठे आहे? तो म्हणाला, पाहुण्यांच्या खुर्च्यांमागे, मग त्यांना काय घामात बसवायचं? मी म्हटलं, पाहुणे बंद पडले तर देखावा चालतो, मोटर बंद पडली तर पाहुणे घरी जातात. त्यावर त्याचा आवाज असा चढला की पलीकडची भजनाची कॅसेट ऐकू येईना. पंख्याचं मी त्याला सांगितलंच नव्हतं म्हणे. यंदा डिझाइन मी उशिरा दिलं म्हणे. पुढच्या वर्षीचं दिवाळीच्या आत हातात नाही आलं तर बघून घेईन म्हणे.

डोळे गेल्यापासून माझ्याशी कोणी भांडलंच नव्हतं. नवरा नाही, सासू नाही, शेजारी नाहीत, पाणी सोडणारा वॉचमनसुद्धा नाही. सगळे माझं ऐकून घ्यायचे. मला भरून आलं, पण ते मी याला दाखवणार होते थोडीच. मी लॅपटॉप मिटला, पदर खोचला, म्हटलं, "उशीर मी केला? आता ऐक," आणि गेल्या तीन वर्षांचं सगळं काढलं.